फळ्यावरची दोन तारीख

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. देवापाशीसुद्धा नाही. त्याला माहीत असेलच असं धरून चाललो, आणि तो विषय काढत नाही हे बघून मीही काढला नाही. आज तुम्ही समोर बसला आहात असं समजून लिहितो आहे. मधेमधे अडखळेन. ही गोष्ट सरळ सांगायची मला सवयच नाही.

आमच्या धारला रेल्वे नव्हती. रूळ नाहीत, इंजिन नाही — पण तिकीट मात्र मिळायचं. गावात रेल्वेची आऊट-एजन्सी होती. म्हणजे एक दुकानवजा खोली, तिच्यात तिकिटांचं कपाट, भिंतीवर घड्याळ, दारात वेळांचा काळा फळा आणि बाहेर उभी एक मोटार. तिकीट आमच्याकडे काढायचं, सामान आमच्याकडे तोलायचं, मोटारीत बसायचं; मोटार तुम्हाला महूच्या स्टेशनात गाडीपाशी नेऊन सोडणार. ठेका एका शेठजींचा, पण ते बहुतेक वेळ बदनावरच्या मंडीत. खोलीत बसायचो मी.

त्याआधी मी दरबारच्या दफ्तरात कारकून होतो. वडील आणि आजोबाही तिथेच. संस्थान मध्यभारतात गेलं, दफ्तर आटोपलं आणि मी शेठजींच्या खुर्चीत येऊन बसलो. खुर्ची बदलली, खोड गेली नाही. दफ्तरात आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेलं, की आलेला कागद लगेच फोडायचा नाही. आवक लिहायची, लाल रुमालात बांधून ठेवायचा, वरिष्ठांनी पाहून शेरा मारला की मग त्याचा अंमल. कागद जरा मुरू द्यावा, असं वडील म्हणायचे. घाईनं फोडलेल्या कागदापायी माणसं घरी बसलेली त्यांनी पाहिली होती. रेल्वेच्या खोलीत हा रिवाज माझ्याकडे कुणी मागितला नव्हता. मीच तो नेला, आणि वर त्याचा तोरा मिरवला. गावात लोक घड्याळ लावायचे ते माझ्या घड्याळावरून. बापूरावांची वेळ म्हणजे वेळ, असं बोललं जायचं, आणि ते ऐकलं की मला दिवसभर बरं वाटायचं. इतक्याशा गोष्टीनं फुगणारा माणूस होतो मी.

अक्का माझी मोठी बहीण. आई लवकर गेल्यामुळे मला तिनंच वाढवलं. देवासला दिली होती. नवरा गेल्यावर लहानग्या शांतेला घेऊन धारला परत आली. मी लग्न केलं नाही, घर तीच चालवायची. शांता मोठी झाली, खंडव्याला दिली गेली. अक्काला लिहावाचायला येत नव्हतं आणि घड्याळही कळत नव्हतं. सूर्य कुठल्या भिंतीवर आला ते बघून तिचा दिवस चालायचा. का सांगतो हे? पुढं मी याच गोष्टीचा फायदा घेतला, म्हणून.

त्या महिन्याच्या अखेरीस खंडव्याहून पत्र आलं. शांता बाळंत झाली होती. मुलगी झाली, पण ताप उतरत नव्हता, आणि ती आईचा धोसरा घेऊन बसली होती. पत्र मिळताच निघा, असं जावयानं लिहिलं होतं. मी अक्काला वाचून दाखवलं. ती रडली नाही. तिनं डिंक काढला, तूप काढलं आणि लाडू वळायला बसली. बाळंतिणीकडे रिकाम्या हातानं कसं जायचं?

दुसऱ्या दिवशी, पहिल्या तारखेला, मोटार नेहमीप्रमाणे सव्वासातला सुटायची होती. ती साडेनऊला महूला पोचायची, आणि खंडव्याची गाडी दहाला पाच कमी असताना. फळ्यावर तसंच लिहिलं होतं, माझ्याच अक्षरात. अक्का मोटारीत बसली आणि एकदम उठली — लाडवांचा डबा फडताळातच राहिला होता. ती माझ्याकडे बघत राहिली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणालो, "जा, घेऊन ये. वेळ आहे."

हे मी म्हणालो. तिनं विचारलंही नव्हतं.

ती धावत गेली, धावत आली. दहा-बारा मिनिटं गेली असतील. धापा टाकत, डबा पोटाशी धरून ती बसली आणि मोटार गेली; त्या दिवशी खंडव्याच्या गाडीचं दुसरं उतारू नव्हतं.

दुपारी भेरूलाल मोटार घेऊन परतला. भेरूलाल म्हणजे आमचा ड्रायव्हर, मालव्यातला माणूस, बोलायला कमी. मी विचारलं, मिळाली ना गाडी? तो आत आला, माझ्या टेबलापाशी उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "गाड़ी तो नौ-दस पे निकल गई, भिया. आज पहली तारीख से टाइम बदल गया. आपके पास कागज नी आया?"

आला होता. आठ दिवसांपूर्वीच आला होता. जाड लिफाफा, त्यावर बुकिंग क्लार्क एवढंच लिहिलेलं — नाव नाही, रावसाहेब नाही. मी आवक लिहिली, लिफाफा न फोडता लाल रुमालात बांधला आणि शेठजी मंडीतून आल्यावर बघतील म्हणून ठेवून दिला. खरं सांगू? नावाशिवाय आलेल्या त्या लिफाफ्याचा मला थोडा रागही आला होता. भेरूलालसमोर मी रुमाल सोडला. नवं वेळापत्रक होतं. खंडव्याची गाडी महूहून नऊ वाजून दहा मिनिटांनी.

आता तुम्हीच बघा. मोटार वेळेवर निघाली असती तरी साडेनऊला पोचली असती. अक्का डब्यासाठी उठली नसती, जागची हललीही नसती, तरी गाडी वीस मिनिटं आधीच गेलेली असती. लाडवांचा यात काडीचा संबंध नव्हता. संबंध त्या रुमालाचा होता, आणि माझा.

अक्का स्टेशनातच बसून राहिली होती. संध्याकाळच्या गाडीनं गेली, पहाटे पोचली. शांता आदल्या दिवशी दिवेलागणीला गेली होती. सकाळची गाडी मिळाली असती तर अक्का तीनच्या सुमारास तिच्या उशाशी असती. शांतेला वाचवू शकली नसती कदाचित. पण तिच्या हाताला हात लागला असता. त्या मुलीनं दाराकडे बघत प्राण सोडला, असं पुढं जावयानं सांगितलं.

पण ते मला नंतर कळलं. त्या दुपारी मला एवढंच कळत होतं, की ही चूक गावाला कळणार. आणि मी काय केलं? मी ओलं फडकं घेतलं, फळा पुसला आणि खडूनं झोकदार अक्षरात लिहिलं — दोन तारखेपासून नवीन वेळ. दोन तारखेपासून. म्हणजे पहिल्या तारखेला जुनीच वेळ होती, असं गावानं समजावं. भेरूलाल दारात उभा राहून बघत होता. मी त्याला म्हटलं, हे आपल्यातच राहू दे. तो म्हणाला, "मैं तो किसी से नी कहूँगा, भिया. पर जिजी को तुम कह देना." जिजी म्हणजे अक्का.

नोकरीच्या भीतीनं केलं म्हणावं, तर तेही खरं नाही. शेठजींनी दोन शिव्या दिल्या असत्या आणि विसरले असते. मला भीती होती ती बापूरावांची वेळ चुकली असं लोक म्हणतील याची. एवढ्यासाठी! आज लिहितानाही माझी मान खाली जाते.

तेरावं करून अक्का परत आली. बाळ खंडव्याला ठेवून घेतलं होतं, तिच्याकडे दिलं नव्हतं. ती माजघरात बसली, पाणी प्यायली आणि मला विचारलं, "बापू, किती चुकली रे गाडी?"

मी म्हणालो, "थोडक्यात, अक्का."

"मी डब्याला गेले, तेवढ्यात?"

मी म्हणालो, "तेवढ्यातच."

हीच ती कबुली. बाकी सगळं हिच्या आजूबाजूचं आहे. चूक कुणाच्याही हातून होते, माझ्या हातून झाली. पण हे चूक नव्हे. तिचं अख्खं आयुष्य माझ्या एका शब्दावर टांगलेलं होतं, मला ते दिसत होतं आणि मी तो शब्द उच्चारला. शांतपणे, पाण्याचं भांडं उचलता उचलता.

तिनं मान डोलावली. त्यानंतर तिनं ते कधी लपवलं नाही. देवळात, विहिरीवर, कुणी शांतेची चौकशी केली की सांगायची, "मी लाडवांसाठी थांबले आणि माझं लेकरू गेलं." हे खंडव्यालाही तिनंच सांगितलं. त्यांना तेवढंच हवं होतं. नातीला भेटायला येऊ नका, असा निरोप आला.

एका वैशाखात ती कालिकेच्या देवळाकडे निघाली आणि अर्ध्या वाटेत तिच्या लक्षात आलं, की वहाणा घरीच राहिल्या. ती परत फिरली नाही. अनवाणीच गेली, अनवाणीच आली. काही राहिलं तरी मागे वळायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि मला ते त्या दिवशी समजलं. तळपायांना फोड आले होते. मी तिचे पाय मांडीवर घेऊन खोबरेल लावत होतो. घरात दुसरं कुणी नव्हतं. किती सोपं होतं! अक्का, गाडी तुझ्यामुळे चुकली नाही — एवढं एक वाक्य. ते तोंडाशी आलं होतं, शपथेवर सांगतो. मग मी तिला विचारलं, फार आग होते का?

दर दिवाळीला ती नातीला कार्ड पाठवायची. नातीचं नाव सुमन. कार्ड लिहायचो मी, अक्का सांगायची तसं. शेवटचं वाक्य दर वर्षी एकच असायचं — तुझ्या आईकडे मी वेळेवर पोचले नाही, माझा अपराध पोटात घाल. नऊ दिवाळ्या हे वाक्य मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं. उत्तर कधी आलं नाही.

मग एकदा सुमन स्वतःच आली. नऊ-दहा वर्षांची असेल. काकांबरोबर मांडू बघायला निघाली होती. आमच्याच मोटारीनं धारला उतरले आणि काका भला माणूस, तो तिला घटकाभर घरी घेऊन आला. अक्काला काय करू आणि काय नको असं झालं. तिनं पाट मांडला, पुन्हा उचलला, पुन्हा मांडला. मुलगी उभीच होती. खंडव्याला हिंदी शाळेत शिकलेली, मराठी थांबत थांबत बोलायची. तिनं अक्काकडे नीट बघितलं आणि विचारलं, "तुम्ही वोच आजी ना, जी लाडू आणायला वापस गेली होती?"

अक्का म्हणाली, "हो बाळ, तीच मी."

मी दारात उभा होतो. दोघी समोर होत्या, कुणाला पत्र लिहायला नको, कुठं जायला नको. मी काकांना विचारलं, पाणी घेणार का? ते पाणी प्यायले. अर्ध्या तासात मांडूच्या वाटेवरच्या नालछ्याकडची मोटार होती, ते गेले. अक्का रस्त्याच्या वळणापर्यंत बघत राहिली. सुमननं मागे वळून पाहिलं नाही. त्या मुलीनं तरी का पाहावं? तिला जे शिकवलं होतं ते माझंच होतं.

भेरूलाल त्याच सुमारास नोकरी सोडून गेला. जाताना भेटायला आला, अक्काच्या पाया पडला आणि निघून गेला. जिजीला सांगितलं का, असं त्यानं दहा वर्षांत मला एकदाही विचारलं नव्हतं. न सांगता त्याला सगळं कळलेलं होतं.

पुढच्या थंडीत अक्का आजारी पडली. छातीत कफ झाला, मग उठणं बंद झालं. वैद्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की आता दिवस मोजायचे. मी तिच्याजवळ बसून असायचो. मनाशी रोज ठरवायचो, आज. आज दुपारी, ती जागी झाली की. ती जागी व्हायची, माझ्याकडे बघून हसायची आणि मी तिला पेज भरवायचो. कधी वाटायचं, आता सांगून तिचा शेवट कशाला बिघडवायचा? बघा, त्याही वेळी मी स्वतःला दयाळू समजत होतो.

शेवटच्या दिवशी सकाळी तिचा आवाज बराच स्वच्छ होता. उन्हं माजघरात आली होती. तिनं मला जवळ बोलावलं. म्हणाली, "बापू, सगळ्यांनी मला बोल लावला. जावयानं लावला, व्याह्यांनी लावला, पोरीनंही लावला. तू एकट्यानं नाही लावलास. दहा वर्षांत एकदासुद्धा नाही. तुझ्या या उपकाराला मी काय देऊ?"

तिनं मला आशीर्वाद द्यायला हात उचलला. हात वर येईना. तो माझ्या डोक्यापर्यंत पोचत नव्हता.

मी खाली वाकलो आणि डोकं तिच्या हाताखाली धरलं.