उन्हात बसणारा भैरव

"डॉक्टर, हळूहळू चढणारं विष असतं का?" मोहित्यांनी आधी दार लावलं, मग विचारलं.

नेरुळला माझं जनावरांचं क्लिनिक आहे. त्या दिवशी मी सीवूड्सला त्यांच्या फ्लॅटवर व्हिजिटला गेले होते. मोहिते बँकेतून रिटायर झालेले, एकटेच राहायचे. सोबतीला भैरव, पाच वर्षांचा तिबेटन मॅस्टिफ. ही कुत्री डोंगरात मेंढपाळांचे तंबू आणि मठ राखायची. दिवसा बांधलेली, रात्री मोकळी. त्यामुळे दिवसा झोपणं, रात्री भुंकणं आणि परक्यावर विश्वास न ठेवणं त्यांच्या रक्तातच असतं.

त्या भुंकण्यावरून शेजारच्या म्हात्रे मावशींनी सोसायटीत तक्रार केली होती. त्यांच्या घरात तान्हं नातवंड होतं. पुढे त्याच मावशी भैरवला सुके बोंबील घालू लागल्या. आणि काही महिन्यांत भैरव भुंकायचा थांबला. बेल वाजली तरी मान उचलेना. केस झडायला लागले. मोहित्यांचं मत पक्कं झालं. दुसऱ्या दिवशी ते पोलिसांत जाणार होते. विषबाधा झाली एवढं मी सांगायचं होतं.

शंका मलाही आली. सोसायट्यांमध्ये कुत्र्यांना विष घातल्याच्या केसेस मी पाहिल्यात. मी मावशींना बोलावून घेतलं.

"घालते मी बोंबील," त्या म्हणाल्या. "वलख झाली तर भुंकनार नाय, म्हनून. पन इख कशाला घालीन?"

बोलताना त्यांची नजर सारखी दाराकडे जात होती. घाबरलेली नजर आणि लबाड नजर, मला अजून वेगळी ओळखता येत नाही.

भैरवला तपासलं. हिरड्यांतून रक्त नाही, उलट्या नाहीत, झटके नाहीत. नाडी मात्र मंद. आणि वजन वाढलेलं. विषाने खंगलेलं जनावर असं जाड होत नाही.

तेवढ्यात भैरव उठला, बाल्कनीत गेला आणि भर उन्हात आडवा झाला. मे महिना, आत एसी चालू, अंगावर दुहेरी केसांचा कोट.

"असा कधीपासून बसतो?"

"हल्ली तिथेच असतो. पूर्वी एसीखालून हलायचा नाही."

मी लगेच रक्त घेतलं. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावली की शरीराची भट्टीच विझायला येते. जनावर सुस्त होतं, जाड होतं, ऊब शोधतं. या जातीत हा आजार आढळतो. रिपोर्टमध्ये तेच निघालं. रोजची गोळी, आयुष्यभर. दीड-दोन महिन्यांत भैरव बेलला उठून दारात उभा राहू लागला. केस यायला मात्र पावसाळा सरला.

मोहिते माफी मागायला मावशींकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, आत या म्हणाल्या नाहीत. बोंबील तेव्हापासून बंद झाले.

आता कोणी "विष घातलंय" म्हणत आलं, की मी कोणी घातलं ते विचारत नाही. आधी रक्त घेते.