डोळखांबच्या पुढची गाडी

प्रवासी सल्लागार समितीवर माझी नेमणूक झाली, त्याचा प्रवासाशी काही संबंध नव्हता. मी शहापुरातल्या एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. घरापासून वाचनालय चालत सात मिनिटांवर. मुरबाडची सासुरवाडी सोडली तर मी फारसा कुठे जात नसे. पण दोन्ही तालुक्यांची मिळून बसगाड्यांसाठी जी समिती होणार होती, तिला एक सुशिक्षित नागरिक हवा होता. शिक्षक मतदार याद्यांच्या कामात होते, डॉक्टरांना वेळ नव्हता आणि वकिलांनी आधी मानधनाची चौकशी केली. मानधन नव्हतं. उरलो मी. शिवाय माझं अक्षर चांगलं होतं.

मला ते नकोच होतं. होकार द्यायला लावला तो बायकोनं.

डोळखांबच्या पुढे डोंगरात एक पाडा आहे, तिथल्या सरकारी शाळेत ती शिकवायची. सकाळी सातची गाडी शहापुरातून निघून थेट त्या पाड्यापर्यंत जाई आणि संध्याकाळी तीच गाडी तिला खाली आणी. या गाडीचं भारमान कमी आहे, म्हणजे जागांच्या मानानं माणसं कमी बसतात, म्हणून ती डोळखांबलाच थांबवायची, असं आगारात घाटत असल्याचं तिला कंडक्टरनं सांगितलं होतं. डोळखांबपासून पाडा चांगला दीड तासाच्या चढावर.

"तुम्ही तिथे बोलू नका," ती म्हणाली, "तुम्हाला ते जमायचं नाही. नुसते बसा. माझ्या गाडीचं नाव निघालं की घरी येऊन मला सांगा. पुढचं मी बघते."

एवढी सोपी कामगिरी मला आजवर कुणी दिली नव्हती. मी समितीवर गेलो. नव्वदचं दशक तेव्हा संपत आलं होतं.

समितीचे अध्यक्ष मुरबाडकडचे एक भातगिरणीचे मालक होते. त्यांच्याकडे स्वतःची मोटार होती, त्यामुळे बसगाड्यांकडे ते तटस्थपणे पाहू शकत. दुसरे एक सदस्य होते, त्यांच्या मेव्हण्याच्या जीपगाड्या डोळखांबच्या रस्त्यावर भाडं मारत. ही गोष्ट कुणी लपवली नव्हती. उलट या मार्गाचा त्यांना अनुभव आहे, असं नेमणुकीच्या वेळी मुद्दाम सांगितलं गेलं होतं. आगाराचे एक साहेब येत, ते फाइल उघडीत आणि मिटीत. आणि डोळखांबच्या बाजूचे एक वयस्कर शेतकरी होते. आमच्यातले खरोखर बसने फिरणारे तेवढेच.

बैठक एका महिन्याला शहापुरात, एका महिन्याला मुरबाडला. वेळ अकराची. शहापुराहून मुरबाडला अकराच्या आत पोचवणारी गाडी नव्हती, म्हणून आम्ही शहापूरकर सदस्य त्या मेव्हण्याच्या जीपमधून जात असू. वाटेत किन्हवलीच्या पुढे थांब्याथांब्यांवर माणसं गाडीची वाट बघत उभी असत. आम्ही त्यांच्याकडे सहानुभूतीनं बघत असू. एकदा एका बाईनं हात केला. समितीच्या वतीनं ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

शेतकरी मात्र प्रत्येक बैठकीला बसने येत. त्यामुळे ते उशिरा पोचत, आणि परतीची गाडी एकची असल्यामुळे साडेबारालाच उठत. ठराव चहानंतर होत आणि चहा एकला येई. इतिवृत्त लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. 'सदस्य बैठकीतून मध्येच उठून गेले' हे वाक्य मी इतक्यांदा लिहिलं की पुढे पुढे ते बैठकीआधीच लिहून ठेवी.

पहिल्या वर्षात आम्ही बरंच काम केलं. थांब्यांवरचे बाक हिरवे असावेत की निळे, यावर दोन बैठका झाल्या. दोन वाड्यांच्या मधोमध असलेल्या एका थांब्याला कोणत्या वाडीचं नाव द्यायचं, यावर तीन झाल्या. शेवटी दोन्ही नावं लिहायचं ठरलं, तर कोणतं वर लिहायचं यावर चौथी झाली. ही सगळी इतिवृत्तं मी शाईनं, समास सोडून, लिहिलेली आहेत.

मग जानेवारीत एक दिवस डोळखांबच्या पुढच्या गाडीचं नाव निघालं. आगाराच्या साहेबांनी फाइल उघडली आणि या वेळी लगेच मिटली नाही. ते म्हणाले, निर्णय आमच्या आकड्यांवर नको, समितीनंच मार्चअखेर प्रवासी मोजून द्यावेत. मोजायला कोण जाणार, असा प्रश्न आला आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. मी हो म्हणालो. मनातून मला आनंदच झाला होता. गाडी वाचवायची तर ती आपल्या हातानं, आपल्या अक्षरात.

घरी येऊन मी ही बातमी सांगितली. तिनं हातातलं काम थांबवलं.

"आत्ता मोजू नका," ती म्हणाली. "आत्ता वर आहे कोण? निम्मा पट भट्टीवर गेलाय माझा."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. दिवाळीनंतर भात झोडून झालं की त्या भागातले पाडेच्या पाडे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. दाराला काटकी लावून पोरंबाळं, कोंबड्या, भांडी घेऊन जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. शहापुरात राहणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं. पण मार्चअखेर म्हणजे मार्चअखेर, असं मी तिला सांगितलं, आणि स्थलांतराची गोष्ट मी अहवालात तळटीप म्हणून घालीन, असंही म्हणालो.

"तळटीप कोण वाचतं?"

"मी वाचतो," मी म्हणालो. ते खरं होतं.

फेब्रुवारीत आठ दिवस रजा काढून मी तिच्याबरोबर सातच्या गाडीनं वर गेलो. नव्या वहीत रकाने आखले होते: चढले, उतरले, पुरुष, स्त्रिया, मुलं. डोळखांबला गाडी जवळजवळ रिकामी होई आणि पुढे ती, मी आणि कधी दोन, कधी तीन माणसं. निःपक्षपातीपणा राहावा म्हणून मी स्वतःला धरलं नाही. कंडक्टर माझ्या वहीत डोकावून म्हणाला, "साहेब, जूनला या. मला तिकिटं फाडायला हात वर काढता येत नाय." मी त्याला म्हटलं, तेही तळटिपेत घेतो.

मागच्या सीटवर बायको खिडकीबाहेर बघत बसलेली असायची. आठ दिवसांत तिनं माझ्याशी गाडीत एक शब्द काढला नाही. मी कामात आहे म्हणून, असा माझा समज होता.

तळटीप मी तीनदा लिहिली. शेवटचा मसुदा सहा ओळींचा झाला. त्यात गणनेचा काळ, स्थलांतराचं स्वरूप आणि पावसाळ्यात फेरगणना करण्याची विनंती असं सगळं होतं. अहवाल टंकलिखित करायला आगारात दिला. त्यांच्या छापील तक्त्यात आकड्यांना रकाने होते. तळटिपेला रकाना नव्हता. टायपिस्टनं ती गाळली.

हे मला मार्चच्या बैठकीत, प्रती वाटल्या तेव्हा कळलं. शेतकऱ्यांनी कागद जरा लांब धरून वाचला आणि म्हणाले, "आता कोन हाय वर? समदी भट्टीवर. हा कागद जूनात काढा, मंग बोलू." जीपवाले सदस्य म्हणाले, जून-जुलै असं काही नसतं, आकडा तो आकडा. शेतकरी माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी तरी सांगा, साहेब. तुमची बायको जाते तिकडं." तेवढं बोलून त्यांनी घड्याळ बघितलं, पिशवी उचलली आणि ते गेले. साडेबारा झाले होते.

मी तोंड उघडलंही. पण त्याच वेळी अध्यक्षांनी माझा तक्ता वर धरला आणि म्हणाले की समितीच्या इतिहासात इतकं स्वच्छ काम झालेलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला बरं वाटलं. हे वाक्य लिहायला मला बराच वेळ लागला आहे, पण मला बरं वाटलं हे खरं. टाळ्या संपेपर्यंत चहा आला आणि चहानंतर ठराव सर्वानुमते संमत झाला. तो मीच लिहून घेतला.

घरी सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "तुम्ही काय म्हणालात?"

मी म्हटलं, तळटीप होती.

तिनं पान वाढलं. कोलिमाची, म्हणजे बारीक सुक्या कोळंबीची, चटणी होती, मला आवडते म्हणून केलेली.

जूनमध्ये पाडे भरले आणि तिचं चालणं सुरू झालं. डोळखांबपर्यंत गाडी, पुढे जीप मिळाली तर जीप, आणि जीप भरल्याशिवाय सुटत नसल्यामुळे बहुतेक वेळा पायी. जुलैत मी पुन्हा वही घेऊन गेलो. डोळखांबच्या नाक्यावर छत्री धरून उभा राहिलो आणि वर चालत जाणारी माणसं मोजली, जीपला लोंबकळलेली मोजली, डोक्यावर बी-बियाणं घेतलेल्या बाया मोजल्या. आकडे चांगलेच भरले. पुढच्या बैठकीत मी ते मांडले. या वेळी उभं राहून, तोंडी.

आगाराचे साहेब सौम्यपणे म्हणाले, "ग्रंथपाल, प्रवासी म्हणजे गाडीतला माणूस. तिथे गाडीच नाही, तर प्रवासी कुठून येणार? हे पादचारी आहेत." पादचारी आमच्या समितीच्या कक्षेत येत नव्हते.

समितीनं त्या पाड्याला वाऱ्यावर सोडलं असं मात्र म्हणता येणार नाही. गाडी बंद व्हायच्या आधी तिथल्या थांब्यासाठी प्रवासी निवारा मंजूर झाला होता. मंजुरी परत पाठवणं अशक्य असल्यामुळे गाडी बंद झाल्यावर दुसऱ्या वर्षी तो बांधला गेला. पत्र्याचं छप्पर, सिमेंटचा बाक, आणि समितीच्या सर्व सदस्यांच्या नावांची फरशी. माझं नाव खालून दुसरं. पाड्यातले लोक तिथे नाचणी वाळत घालीत. ही पावसात भिजत वर पोचली की तिथे बसून पायातला चिखल धुई, मग शाळेत जाई.

"तुमच्या समितीनं एक काम बरं केलं हो," ती मला सांगायची. "तुमच्या नावाखाली पाय धुते मी रोज."

असं तिनं सात वर्षं केलं. मग खाली शहापुरात बदली झाली, आणि दोन वर्षांनी ती आजारानं गेली. त्या चालण्याचा आजाराशी संबंध नव्हता. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं. मी त्यांना तीन वेळा विचारलं होतं.

दहाव्याला समितीचे लोक वेळेवर आले. अध्यक्षांची मोटार नदीपर्यंत आली. बाईंनी दुर्गम भागात मोठी सेवा केली, असं ते दोन मिनिटं बोलले. कावळा शिवला, लोक पांगले, जेवणं झाली. तीन वाजता अंगणात पाच माणसं येऊन उभी राहिली. तीन बाया, दोन पुरुष, पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले. पाड्यातली माणसं होती. पहाटे निघाली होती.

त्यांतली एक म्हातारी पुढे झाली. माझ्याकडे न बघता ती जमिनीकडे बघून म्हणाली, "खाली येईस्तोवर गाडी गेली, साहेब. दुसरी आलीच नाय लवकर. आमाला बाईंना शेवटचं पानी द्यायचं व्हतं. राग मानू नका."

ती माझी माफी मागत होती.

मी त्यांना पानावर बसवलं. एकानं भिंतीवरच्या घड्याळाकडे दोनदा बघितलं, म्हणून मी विचारलं. साडेचारची डोळखांबची गाडी शेवटची होती. ती माणसं घाईघाईनं जेवली आणि उठली. मी पायात चपला घातल्या. भावानं विचारलं, कुठे निघालास. मी त्यांच्याबरोबर स्टँडवर गेलो आणि त्यांच्याबरोबरच गाडीत चढलो.

डोळखांबला जीप उभी होती, पण भरलेली नव्हती. आम्ही चालायला लागलो. माझ्या वहीत त्या रस्त्याचे किलोमीटर लिहिलेले होते, चढ लिहिलेला नव्हता. बाया पुढे, पुरुष मागे, मधे मी. पहिल्या ओढ्यापाशी म्हातारीनं एक सपाट दगड दाखवला. बाई इथे टेकायच्या, ती म्हणाली, आणि पोरांच्या वह्या काढून इथेच तपासायला घ्यायच्या, वर वेळ मिळत नाय म्हणून. हे मला तिनं कधी सांगितलं नव्हतं.

मी त्या दगडावर बसलो. माझा श्वास लागला होता आणि मला तिथून उठवेना. मंडळी जरा पुढे जाऊन थांबली. मग म्हातारी चार पावलं खाली आली आणि तिनं हात पुढे केला.

"चला, साहेब," ती म्हणाली. "अजून अरदी बी वाट झाली नाय."