भेटायला आलेल्यांचे पुडे

पत्नी गेली तेव्हा आमची मुलगी साडेचार वर्षांची होती. दुःखाच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून आमच्या कडेगावात माणसं चहापूड, साखर आणि बिस्किटांचे पुडे घेऊन भेटायला येतात. बायका दारातच गळा काढत. त्या आवाजानं घाबरून मुलगी रडू लागली की कुणीतरी पुडा फोडून तिच्या हातात बिस्कीट देई. "रडायचं न्हाई बाळ. खा." ती गप्प होई. बाराव्यापर्यंत पत्र्याचा मोठा डबा पुड्यांनी भरला.

मग माणसं यायची थांबली, मुलीचं खाणं थांबलं नाही. माझ्या लक्षात यायला वेळ लागला, कारण मी पुस्तक उघडून बसलेला असे; वाचत नसे. एकदा पाहिलं, जेवून तासही झाला नव्हता आणि ती डब्यापाशी भिंतीला टेकून एकामागून एक बिस्किटं खात होती. चव घेत नव्हती. नंतर सगळं ओकली.

मी डबा कपाटावर ठेवला. माझी थोरली बहीण सोबतीला राहिली होती. ती म्हणाली, "आरं, प्वार खातंय तर खाऊ दे की. तुज्यावाणी पुस्तकात त्वांड घालून बसू दे व्हय तिला?"

"तिला भूक नाही लागलेली, अक्का."

"मग काय झालंय?"

मी डबा आणखी मागं सरकवला. माझे वडील फौजेत होते. रजा संपवून ते एसटीत चढले की आई माझ्या तोंडात गुळाचा खडा घाली. तोंड भरलेलं असलं की रडता येत नाही. अजूनही कुणाला निरोप दिला की मला गोड खावंसं वाटतं. हे मला कळतं, पण कळून काय करायचं ते कळत नाही.

बहीण तिच्या गावी परत गेली, त्या संध्याकाळी मुलगी शेजारी येऊन बसली. डबा मागितला नाही तिनं. "आई आता यायचीच न्हाई व्हय?" असं पहिल्यांदाच विचारलं. तिला जवळ घ्यायचं, खरं सांगायचं, रडू द्यायचं, हे मी मनात कितीदा तरी ठरवलं होतं. तिचा ओठ थरथरला आणि मी उठलो. कपाटावरचा डबा काढला, पुडा फोडला.

तिनं बिस्कीट घेतलं. पुन्हा विचारलं नाही.