माझ्या नवऱ्याची दोरी धरणारा

कुणाला सवत असते, मला पाचूबंदरचा एक पन्नाशीतला कोळी आहे. झुबकेदार मिशा, सुटलेलं पोट, खांद्यावर कायम लाल पंचा. लोक हसतील म्हणून मी हे कुणाजवळ बोलत नाही, पण तो दारात दिसला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

नवरा झाडं तोडायची कामं घेतो. गास गावात सासरची थोडी शेती आहे, पण घर चालतं ते या कामावर. वाऱ्यानं कलंडलेलं झाड, सोसायटीच्या गच्चीवर आलेल्या फांद्या, वाडीतला वाळलेला माड. महापालिकेची परवानगी मी काढते, गिऱ्हाइकांचे फोन मी घेते आणि चेनसॉ, म्हणजे साखळीची करवत, तो चालवतो. आमच्या घरात तिला नुसतं ‘मशीन’ म्हणतात. हेल्मेट, चेहऱ्यावरची जाळी, कानांवरची टोपणं हे सगळं मी भांडून भांडून घ्यायला लावलं. आतून जाड धागे भरलेली ती पँटही माझीच खरेदी. साखळी मांडीला लागलीच तर ते धागे तिच्यात गुंततात आणि साखळी जागच्या जागी अडकते. “उकडतं” म्हणून त्यानं नाक मुरडलं, तेव्हा पँट घातल्याशिवाय डबा मिळणार नाही असं मी सांगून टाकलं.

एवढं करून कौतुक कुणाचं? तर त्या कोळ्याचं. तोंडावर मी त्याला दादा म्हणते, मनात दोरीवाला.

फांदी मोठी असली की तिला दोरी बांधतात. दोरीचे वेढे शेजारच्या खोडाला घेतात आणि टोक एकजण धरतो. तो लांब, पण नवऱ्याच्या समोर उभा राहतो. मशीन चालू असताना नवऱ्याला काही ऐकू येत नाही, पाठीमागचं तर दिसतच नाही. समोरच्यानं पंजा वर केला तर कापायचं, मूठ वळली तर थांबायचं. निम्मा जन्म होडीवर गेल्यामुळे दोरीवाल्याला दोरी कळते, हे मला मान्य आहे. पण नवरा सगळ्यांना सांगत फिरतो, “तो समोर असला ना, की मला कसलीच भीती वाटत नाही.” असलं वाक्य माझ्याबद्दल त्याच्या तोंडून कधी निघालेलं नाही. लग्नाच्या वाढदिवसालासुद्धा नाही.

कामावरच्या खुणा ते घरीही वापरतात. जेवताना नवरा दोन बोटं हलवतो आणि दोरीवाला लोणचं पुढे सरकवतो. माझ्याकडे लोणचं मागायचं तर नवऱ्याला अख्खं वाक्य बोलावं लागतं. एकदा मी मुद्दाम बरणी मांडीवर घेऊन बसले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, गालातल्या गालात हसले आणि लोणच्याशिवाय जेवून उठले. माझाच जळफळाट झाला.

यंदाच्या पावसात दोरीवाला तापानं आडवा झाला. खरं सांगते, मला आतून गुदगुल्या झाल्या. त्याच आठवड्यात भुईगावच्या एका म्हाताऱ्या बाईंचा फोन आला. त्यांच्या आवारातल्या आंब्याची मोठी फांदी खोडाशी अर्धी फाटली होती आणि लाकडं ठेवायच्या शेडवर झुकली होती.

“तो बरा होऊ दे, मग बघू,” नवरा म्हणाला.

“दोरी मी धरते.”

“तू?”

त्या ‘तू’नं मला मिरच्या झोंबल्या. मी लगेच पंजा करून दाखवला, मूठ करून दाखवली, मशीनच्या पुस्तिकेतले नियम धडाधड म्हणून दाखवले. तिकडे फांदी रोज थोडी आणखी खाली येत होती आणि बाई रोज फोन करत होत्या. शेवटी तो कबूल झाला.

बाईंच्या आवारात त्यानं दोरी बांधली, वेढे माडाला घेतले आणि मला उभं राहायची जागा दाखवली. “कुणी जवळ आलं की मूठ,” म्हणाला. मग मशीन जमिनीवर ठेवलं, पायानं दाबून धरलं, ब्रेक लावूनच चालू केलं आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी हो म्हणायची वाट बघत तो थांबला होता. मी पंजा वर केला. लग्नात हार घालताना मला इतकं सुख झालं नव्हतं.

भुसा उडायला लागला. पाय नीट रोवलेत ना, कोपर अंगालगत आहे ना, मशीन खांद्याच्या वर तर जात नाही ना, सगळं मी पापणी न हलवता बघत होते. एक काप झाला. त्यानं ब्रेक लावला आणि पुढच्या कापासाठी माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा पंजा वर केला. जराशी हसलेसुद्धा.

तो हसला नाही. त्याच्या पायाशी कुणाची तरी सावली पडली होती. तो जागेवरच थांबला, मशीन बंद केलं आणि मग मागे बघितलं. बाई चहाचा ट्रे घेऊन त्याच्या पाठीशी हातभर अंतरावर उभ्या होत्या. कामावर आलेल्या माणसाला गार चहा द्यायचा नाही, म्हणून स्वयंपाकघरातून निघून थेट त्या फाटक्या फांदीखालून आल्या होत्या. माझ्या डोळ्यांसमोरून. आणि मी पंजा वर केला होता.

त्यानं बाईंना हाताला धरून घरात पोचवलं. परत आला तेव्हा त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

“कुठे बघत होतीस?”

“तुझ्याकडे.”

“सगळा वेळ?”

“सगळा वेळ. नजर हलवली नाही मी.” निदान याचं तरी कौतुक होईल असं मला वाटलं.

“मी सोडून बाकी सगळं बघायचं होतं तुला,” तो म्हणाला. त्यानं दोरी माडाला पक्की बांधली, तिकडे कुणी फिरकू नका असं बाईंना बजावलं आणि आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मी पाचूबंदरला पेजेचा डबा घेऊन गेले. खरं तर भांडायलाच गेले होते.

“दादा, मशीन चालू असताना तुम्ही ह्याच्याकडे बघतच नाही का?”

गोधडीतून मिशा बाहेर आल्या. “वैनी, त्याचं थोबाड बगून मी काय करू? ते काय बगन्यासारखं हाय का?”

मला हसू आलं आणि रागही आला. जो माझ्या नवऱ्याकडे ढुंकून बघत नाही त्याच्या भरवशावर नवरा निर्धास्त, आणि मी डोळ्यांत तेल घालून बघितलं तर धोका माझ्यामुळेच. पण परत येताना मनाशी कबूल करावं लागलं, मशीन चालू झालं की माझे डोळे त्याच्याकडेच जाणार. दोरीवाल्याचे जात नाहीत. याचाच तर मला सगळ्यात जास्त हेवा वाटला, आणि तो अजून गेलेला नाही.

ताप उतरल्यावर आम्ही तिघंही भुईगावला गेलो. दोरी दोरीवाल्याच्या हातात गेली. मला नवऱ्यानं स्वयंपाकघराच्या दाराशी उभं केलं, तोंड घराकडे, पाठ आंब्याकडे. “बाईंना बाहेर येऊ द्यायचं नाही. आणि मी येऊन सांगेपर्यंत मागे बघायचं नाही.”

बाई ट्रे घेऊन तयारच होत्या. माझ्या खांद्यावरून त्यांना सगळं दिसत होतं. बायको मी, आणि बघायला मिळत होतं त्यांना! मशीन चालायचं, थांबायचं. थांबलं की मला कळायचं, आता तो मान वर करून त्या मिशाळाकडे बघतोय. मग कडकड आवाज झाला, पायाखालची जमीन हादरली आणि मशीन गप्प झालं. बाईंनी ट्रे ओट्यावर ठेवला आणि कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली.

“काय झालं?” मी मागे न बघताच विचारलं.

“पडली,” त्या म्हणाल्या. “बरोबर पडली.”

मागे दोघं जोरात हसले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही.

“आता तरी बग की तुज्या नवऱ्याकडे, बाय,” बाई म्हणाल्या.

“त्यानं अजून सांगितलं नाही,” मी म्हटलं, आणि दार अडवून उभी राहिले.