मिश्री काय नशा असती व्हय?

“काही व्यसन?” साताऱ्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं आणि बनुबाईला हसूच फुटलं. विचारायचं तरी कुणाला! शेजारी बसलेल्या सुनेला, दीपमालाला, तिनं कोपरानं ढोसलं. “सांग गं ह्यास्नी, मी कोण हाय ती.”

मग बनुबाईनंच सांगायला सुरुवात केली. मेढ्याच्या वरच्या अंगाला तिचं गाव. बारा वर्षांपूर्वी गावातलं दारूचं दुकान बंद करायचं की चालू ठेवायचं यावर बायकांचं मतदान झालं. दुकान हवं तर उभी बाटली, नको तर आडवी. तेव्हा बनुबाईनं घरोघर फिरून बाटली आडवी पाडली. पुढं आसपासच्या नऊ गावांनी तिला बोलावून नेलं. एकदा तर पार तासगावला, सुनेच्या माहेराकडं, तिचं भाषण झालं. व्यसन या विषयावर ती घोटभर पाणी न पिता पाऊण तास बोलत असे.

डॉक्टरांनी आता मान वर केली. पण त्यांचं लक्ष गुडघ्याकडं नव्हतं, तिच्या दातांकडं होतं.

“मिश्री लावता?”

“ती व्हय? ती दात घासायला.”

“मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच की, मावशी.”

“आसंल. पर ती काय नशा असती व्हय?”

डॉक्टरांनी वाद घातला नाही. गुडघा बदलावा लागेल, पण तंबाखू पोटात जात असेल तर जखम लवकर भरत नाही, पिकते, असं त्यांनी सांगितलं. सहा आठवडे मिश्री पूर्ण बंद. मग लघवी तपासू, त्यात तंबाखू दिसली नाही तरच ऑपरेशनची तारीख. एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

बनुबाईचं घर वरच्या आळीत, बत्तीस पायऱ्या चढून. गुडघा गेल्यापासून, म्हणजे वर्षभर, ती त्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी उतरली नव्हती. मुलगा वीरधवल महाबळेश्वरला टॅक्सी चालवायचा. तो आठवड्यातून एकदा घरी आला की तिला पाठुंगळी घेऊन खाली उतरवायचा. नऊ गावं पायांखाली घातलेली बाई पोराच्या पाठीवर बसून पायऱ्या उतरताना डोळे मिटून घ्यायची. खालच्या आळीतली माणसं बघतात, हे तिला सहन व्हायचं नाही. बत्तीस पायऱ्या आपल्या पायांनी उतरायच्या आणि ग्रामसभेत जाऊन बसायचं, एवढंच तिला हवं होतं.

मिश्रीची गोष्ट जुनी. लग्न होऊन आली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. दाढ ठणकायला लागली, तेव्हा सासूनं तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजली, चुरली आणि चिमूटभर हातावर ठेवली. दाढ थांबली. दाढ पुढं पडूनही गेली, मिश्री राहिली. पावडरच्या जुन्या डब्यात ती कायम भरलेली असायची. सकाळी उठल्या उठल्या, जेवल्यावर, दुपारी कलंडायच्या आधी, दिवेलागणीला. बोट हिरड्यांवर फिरलं की डोकं जागेवर यायचं. नाही फिरलं तर पोटही साफ व्हायचं नाही. आणि एवढं असून ह्या बाईला कधी वाटलं नाही, की आपण ज्या नशेवर भाषणं ठोकतो ती हीच. गावातल्या निम्म्या बायकांनाही वाटत नव्हतं. आडव्या बाटलीवर शिक्का मारायला रांगेत उभ्या राहिलेल्या कित्येकींचं बोट तेव्हा तोंडात होतं.

पहिले सहा आठवडे तिनं शब्द पाळला, असं तिला वाटलं. जेवल्यावरची बंद, दुपारची बंद, दिवेलागणीची बंद. त्या वेळेला दीपमालाच्या माहेरून आलेले बेदाणे गालात धरून बसायची. सहा आठवड्यांनी वीरधवलच्या पाठीवरून गाडीत आणि गाडीतून दवाखान्यात गेली, आणि दुपारी डॉक्टरांनी कागद पुढं सरकवला. तंबाखू आहे. ऑपरेशन नाही. आणखी सहा आठवडे बंद ठेवा.

“मी खोटी न्हाई,” बनुबाई कडाडली. “तुमचं मशीन खोटं!”

दवाखान्यातली माणसं वळून बघायला लागली. दीपमालानं हळूच विचारलं, “आत्याबाई, खरं सांगा. अजिबात न्हाई लावली?”

“न्हाई म्हंजी न्हाई. सकाळी दात घासले तेवढंच.”

दीपमालानं कपाळावर हात मारून घेतला.

“मग काय तोंड न धुताच डॉक्टरापुढं यायचं?” बनुबाई म्हणाली. “माणसाला काय रीतभात हाय का न्हाई?”

गाडी पायऱ्यांपाशी थांबली. वीरधवलनं आईला पाठीवर घेतलं, बत्तीस पायऱ्या चढला आणि ओसरीवर उतरवून म्हणाला, “आता तुझं तू बघ, आई. मी थकलो.” तिला हे लागलं. चिडून तिनं डबा दीपमालाच्या हातात दिला आणि शेणकुंडात टाकायला लावला.

यावेळी मात्र खरोखरची बंद. आणि मग घरादाराला कळलं मिश्री काय चीज आहे ते. तिसऱ्या दिवशी तिनं आमटीत मीठ नाही म्हणून पळी भिरकावली, आणि मीठ होतं. म्हशीला शिव्या दिल्या, शेजारणीच्या कोंबडीला दिल्या, रेडिओला दिल्या. हातांना चाळा नाही, डोक्यात भुंगा, डोळ्याला डोळा लागत नाही. वहाणेतला खडा काढून टाकावा तसं हे डोकं काढून बाजूला ठेवता आलं असतं तर तिनं ठेवलं असतं.

दीपमाला बाहेरून बी.ए. करत होती, विषय मानसशास्त्र. मेंदू, झोप, स्वप्नं आणि नशा असे पाठोपाठ धडे तिला परीक्षेला होते. दुपारी ती सासूजवळ पुस्तक घेऊन बसायची.

“आत्याबाई, लग्नात रोज जादा पाव्हणं याया लागलं की आपण ताटं वाढवतो का न्हाई? तसं तंबाखू याया लागली की मेंदू तिच्यासाठी जादा ताटं मांडतो. आता पाव्हणा बंद झाला, पर ताटं तशीच मांडलेली. रिकामी. ती वाजत्यात.”

“मग उचला म्हणावं ताटं.”

“उचलतोय की. दोन-चार आठवडं लागत्यात त्याला.”

“लय आळशी हाय तुझा मेंदू.”

मग दीपमालानं नशेच्या पदार्थांचा तक्ता दाखवला. दारू, गांजा, अफू, तंबाखू, आणि त्याच तक्त्यात चहा. बनुबाई उसळली. “चहा बी? मग माणसानं जगायचं तरी कशावर? ठेव त्ये पुस्तक. त्यात लिवलंय त्ये मला समजतंय, पर माजं डोस्कं कुठं पुस्तक वाचतंय!” तिला खरंच समजत होतं. समजूनही तलफ जात नव्हती, आणि याचाच तिला जास्त संताप यायचा.

अकराव्या दिवशी पहाटे तिला स्वप्न पडलं. ओसरीवर बसून ती मिश्री लावतेय. सासूच्या हातची, ताजी भाजलेली. हिरड्यांना झिणझिण्या आल्या, डोकं निवांत झालं, आणि तिथंच तिला जाग आली. तोंडाला चव होती. तिनं बोट नाकाशी नेलं. वास आला की नाही, तिला कळेना.

“लावली गं मी,” ती दीपमालाला म्हणाली, आणि रडायलाच लागली. “पहाटंचं सपान खरं ठरतं. लावणारच हाय मी.”

“आवं न्हाई. झोपंत थोड्या थोड्या वेळानं स्वप्नांची पाळी येती. पहाटंकडं ती पाळी लांबत जाती, आन् त्यातच जाग आली की स्वप्न ध्यानात राहतं. तंबाखू सोडल्यावर तर ती लय ठळक पडत्यात. खरं व्हायचा काय संबंध न्हाई.” एवढं सांगून दीपमाला दूध घालायला डेअरीकडं गेली.

बनुबाई ओसरीवर एकटी बसली. डोक्यात एकच विचार. स्वप्नात का होईना, चव तर लागली. मोडलंच आहे, तर आता एक चिमूट लावली काय आणि न लावली काय. शेजारची क्रांती दारात सडा मारत होती. बनुबाईनं हाक मारून हात पुढं केला. क्रांतीनं काही न विचारता कनवटीची डबी काढली आणि चिमूटभर मिश्री तिच्या तळहातावर ठेवली. गावात मिश्री मागितल्यावर कुणी कारण विचारत नाही.

बोट मिश्रीत बुडालं, आणि तिला नाथाजी आठवला.

नाथाजी खालच्या आळीतला. बाटली आडवी झाली त्या वर्षी तो गावातला सगळ्यात मोठा पिणारा होता. बनुबाईनं त्याला देवळात शपथ घ्यायला लावली होती आणि त्यानं पाच महिने थेंब घेतला नव्हता. मग एका ग्रामसभेत तो आपण होऊन उभा राहिला. म्हणाला, “काकी, मला सपान पडतंय. सपनात पितो. उठल्यावर बायकूला माज्या तोंडाचा वास घ्याया लावतो. लय भ्या वाटतंय. काय करू?” आणि माईकवर असलेली बनुबाई म्हणाली होती, “सपनात बी बाटली सुटंना व्हय रं तुझी? जनाची न्हाई तर मनाची तरी ठेव!” सभा पोट धरून हसली होती. नाथाजी खाली बसला. त्याच दिवशी तो शेजारच्या तालुक्यात जाऊन पिऊन आला, आणि पुढची चार वर्षं पीत राहिला. बनुबाई पुढच्या प्रत्येक भाषणात त्याचं उदाहरण द्यायची. नाव घेऊन.

बनुबाईनं मूठ मिटली. ओसरीवरून खाली सरकली. पहिल्या पायरीवर बसली, मग दुसऱ्या पायरीवर, मग तिसऱ्या. आखडलेला पाय पुढं, एका हाताचा टेकू, दुसरी मूठ घट्ट. लुगडं चिखलानं भरलं. क्रांती “आवं काकी, पडाल!” म्हणून ओरडत राहिली. नळावरच्या बायका घागरी ठेवून बघत राहिल्या. कळ डोक्यापर्यंत जात होती आणि दर पायरीला ती कुणाला तरी शिव्या देत होती. पहिल्यांदा गुडघ्याला, मग डॉक्टरला, शेवटच्या सात-आठ पायऱ्यांवर स्वतःला.

नाथाजी अंगणात बैलाला वैरण टाकत होता. सात वर्षं झाली होती त्याला दारू सोडून. कुणी सभा घेतली नव्हती, कुणी शाल-नारळ दिला नव्हता. बनुबाईला ढुंगणावर सरकत येताना बघून त्यानं पेंढी खाली टाकली आणि धावत येऊन तिला दगडावर बसवलं.

तिनं मूठ उघडली. घामानं मिश्रीचा चिखल झाला होता. नाथाजीनं वाकून ते पाहिलं.

“त्या सपनाचं तू काय केलंस रं?” बनुबाईनं विचारलं.

“कसल्या?”

“सभंत सांगितलं व्हतंस त्या. मला पडलं आज. बोटाचा वास घेत बसले मी, नाथा.”

नाथाजी वळून बैलाच्या पाठीवर हात फिरवायला लागला. मग म्हणाला, “काय न्हाई करायचं, काकी. उठल्यावर कुणाला तरी सांगायचं. सांगितलं की त्ये सपानच ऱ्हातं. न्हाई सांगितलं की दिसभर डोस्क्यात पिरगाळतं, आन् सांजंला पाय आपसूक वळत्यात.”

“तू कुणाला सांगतुस?”

“ह्याला.” त्यानं बैलाकडं बोट दाखवलं. “पयल्यांदा तुमास्नी सांगितलं व्हतं.”

त्यानं ते रागानं म्हटलं नाही. रागानं म्हटलं असतं तर बनुबाईला उलटून बोलता आलं असतं. तिच्याकडं पाऊण तासाचं भाषण होतं, आणि त्यातलं एकही वाक्य तिला आता उपयोगाचं नव्हतं. तिनं मूठ बैलाच्या पाण्याच्या टाकीशी धुतली, पदराला पुसली.

“मी हसले रं तुला,” ती म्हणाली.

“व्हय,” नाथाजी म्हणाला.

तिला त्यानंच पाठीवर घेतलं आणि वर पोचवलं. यावेळी तिनं डोळे मिटले नाहीत. दीपमाला डेअरीवरून आली तेव्हा सासूच्या लुगड्याचा अवतार बघून घाबरली. बनुबाईनं काही सांगितलं नाही. दिवसभर चिडचिड होतीच, संध्याकाळी पुन्हा आमटीवरून भांडण झालं, आणि अजून एकतीस दिवस असेच काढायचे आहेत म्हणून ती भिंतीला डोकं टेकून बसली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच स्वप्न. तीच सासू, तोच तवा. उजाडल्यावर बनुबाई भिंतीला धरून ओसरीच्या कडेला उभी राहिली. खाली नळावर पाण्याची वेळ, अर्धी आळी जमलेली. तिनं माईकवरचा आवाज काढला.

“नाथा! आज बी पडलं रं! मिश्री लावली मी सपनात! जागी न्हाई लावली!”

नळावरच्या बायकांनी माना वर केल्या. मग नळावर हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, म्हातारीला सपनात बी मिश्री सुटंना. क्रांती तोंडाला पदर लावून हसत होती, डबी कनवटीला तशीच.

दीपमाला आतून धावत आली. “आत्याबाई, आत चला. लोक हसत्यात.”

“हसू दे,” बनुबाई म्हणाली. खालच्या अंगणात नाथाजी बैलाशेजारी उभा होता. तो हसत नव्हता. त्यानं हात वर करून विचारलं, “कितवा दिस, काकी?”

“बारावा!” ती ओरडली.