न टिकणारा विद्युतभार

दुपारी प्रयोगशाळेच्या दारातच थबकलो. माझी संशोधक विद्यार्थिनी वैशाली नळाखाली खल धूत होती. शिष्यवृत्ती संपली होती, आज तिचा इथला शेवटचा दिवस.

लोह आणि बिस्मथच्या ऑक्साइडची अतिसूक्ष्म भुकटी करायची, दाबून तिची वडी भट्टीत भाजायची, हेच ती वर्षानुवर्षं करत होती. एकाच पदार्थात चुंबकत्व यावं आणि विद्युतभारही टिकावा, एवढीच आस. चुंबकत्व यायचं, विद्युतभार दर वेळी झिरपून जायचा.

"सर, कालची वडीही गळकीच निघाली," मागे न वळता ती म्हणाली. "दोष भुकटीत आहे की माझ्या हातात?"

"हातात नाही गं."

मग कुठे, ते मलाही ठाऊक नव्हतं. निसर्ग आपल्याशी वैर धरत नाही. तो हवं ते देत नाही, आणि का नाही तेही सांगत नाही. वैऱ्याशी निदान भांडता तरी येतं.

तिने खल फडक्यावर पालथा घातला.

"घरी विचारतील, इतकी वर्षं काय केलंस? काय सांगू?"

 मग पिशवी उचलून, नमस्कार करून ती निघाली. जिन्यावरची तिची पावलं ऐकू येईनाशी झाली, तरी तिने घरी काय सांगावं, याचं एकही वाक्य मला सुचलं नाही.