वर तारे, खाली विहीर

मॅट्रिक झाले आणि मला वैजापूर सोडून औरंगाबादला कॉलेजात जायचं होतं. अण्णांना, म्हणजे वडिलांना, विचारलं की एकच उत्तर मिळायचं, "गौर करतो." पोलीस ॲक्शननंतर निजामाच्या राज्याबरोबर त्यांच्या कचेरीतली उर्दू गेली, पण हा शब्द काही तोंडातून गेला नाही. विचार करतो, एवढाच त्याचा अर्थ. ॲडमिशनची मुदत संपत आली तरी यांचा गौर आपला चालूच!

एका सकाळी मी चिडून म्हणाले, "इंग्रजीत याला कन्सिडर म्हणतात. सर सांगत होते, त्या शब्दाचं मूळ ताऱ्यांत आहे. तारे निरखत बसायचं, म्हणजे कन्सिडर. तुमचंही तेच चाललंय ना?"

अण्णा रागावले नाहीत, उलट खुलले. "आमचं उलटं हाय. गौर म्हंजे खोली. विहिरीत वाकून तळ बघावा, तसं."

मग आम्ही दोघंही शब्दांतच रमलो. भाकरी थापता थापता आईचा हात थांबला.

"वर बघा नायतर खाली बघा," ती म्हणाली, "पण जरा पोरीकडं बी बघा की."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मग खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली आणि विचारलं, "बस कितीला हाय?"